पोकेमॉन: लांबच्या माणसांशी देवाणघेवाण आणि लढती

रानपाखरू | १२ जुलै, रात्री १०:१५

पुण्यात किंवा आसपास कुणाकडे थ्रीडीएस (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र), त्यावर आधीच उतरवून ठेवलेलं 'पोकेमॉन बँक' (पोकेमॉन साठवायचं ॲप) आणि पाचव्या पिढीचा एखादा गेम (ब्लॅक, व्हाइट, ब्लॅक २, व्हाइट २, कोणताही) आहे का? माझ्याकडे एक गेंगार आहे, म्हणजे या खेळात पकडून, वाढवून लढवायच्या पोकेमॉन नावाच्या प्राण्यांपैकी एक. २००८ पासून तो माझ्या जुन्या 'डायमंड' गेमच्या कार्ट्रिजमध्ये आहे आणि मला तो निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावरच्या 'व्हायोलेट' गेममध्ये आणायचाय.

आता हा गेंगार इतका महत्त्वाचा का, ते सांगते.

मी सातवीत असताना मामाने न्यू जर्सीहून येताना डीएस लाइट आणि डायमंड आणलं. आमच्या वर्गातली दोन-तीन मुलं कॉम्प्युटरवर इम्युलेटर लावून 'एमराल्ड' खेळायची, पण खरं यंत्र कुणाकडेच नव्हतं. त्यामुळे मी गेम एकटीने पूर्ण केला आणि मग अडले. हा खेळ एकट्याने पुरा करता येऊच नये अशीच त्याची रचना आहे. काही पोकेमॉन फक्त डायमंडमध्ये मिळतात, काही फक्त त्याच्या जोडीच्या पर्लमध्ये. आणि हाँटर, माचोक, ग्रॅव्हलर, कडाब्रा हे दुसऱ्या खेळाडूच्या हातात गेल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत. तुम्ही त्यांना शंभराव्या पातळीपर्यंत नेलंत तरी ते तसेच राहतात.

डायमंड-पर्ल २००६ साली जपानमध्ये आले आणि त्यांच्यासोबत पहिल्यांदाच घरबसल्या जगभर अदलाबदल करायची सोय आली. जुबिलाइफ सिटीत जीटीएस नावाची इमारत होती. तिथे जायचं, आपला एक पोकेमॉन ठेवायचा, त्याच्या बदल्यात कोणता हवा, नर की मादी, कितव्या पातळीचा ते सांगायचं आणि निघून यायचं. जगात कुठेतरी कुणाकडे तो असला आणि त्याला तुमचा हवा असला की व्यवहार होणार. समोरच्याशी एक शब्दही बोलावा लागत नाही.

अडचण वेगळीच होती. डीएसला वायफायची जुनी, कमकुवत डब्ल्यूईपी सुरक्षाच तेवढी समजायची. बाबांनी रोज रात्री अर्ध्या तासासाठी राऊटरची सुरक्षा खाली आणायची आणि मी झोपले की परत वर न्यायची, असं आमचं ठरलं होतं. त्यांनी ते जवळजवळ वर्षभर केलं.

एका रात्री मी माझा माचोक ठेवला आणि हाँटर मागितला. माचोकचं नाव मी बजरंग ठेवलं होतं, अर्थात रोमन लिपीत. देवनागरी तिथे चालत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी बाबांना उठवून वायफाय लावायला लावलं. हाँटर आला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा गेंगार झाला. माहितीच्या पानावर मूळ ट्रेनरच्या, म्हणजे पहिल्या मालकाच्या, जागी तीन जपानी अक्षरं होती.

त्या इमारतीत पृथ्वीचा एक गोल होता. ज्या देशातल्या माणसाशी तुमचा व्यवहार होई त्या जागी त्यावर टिपका उमटायचा. जपानवर टिपका होता. म्हणजे तिकडे कुणाच्या तरी डीएसमध्ये त्याच क्षणी माझ्या बजरंगचा माचॅम्प झाला होता आणि त्याच्यावर मूळ ट्रेनर म्हणून माझं नाव होतं. दुसऱ्याने ठेवलेलं नाव बदलता येत नाही, त्यामुळे तो तिथेही बजरंगच राहिला असणार.

पुढे मी कॉलेजात कताकाना ही जपानी लिपी शिकले आणि ती तीन अक्षरं वाचली. उच्चार इथे लिहीत नाही, ते कुणा खऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव आहे.

तर कुणाकडे थ्रीडीएस आहे का? आणि निमित्ताने तुमच्याही देवाणघेवाणीच्या आणि लढतींच्या गोष्टी लिहा.

कोकणकडा | १२ जुलै, रात्री ११:०२

रानपाखरू, लिहिलंत ते फार आवडलं. वाट अजून उघडी आहे, पण निमुळती झालीय. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी सगळी साखळी सांगतो.

डायमंड, पर्ल, प्लॅटिनम, हार्टगोल्ड, सोलसिल्व्हर हे डीएसवरचे चौथ्या पिढीचे गेम. यांतून पोकेमॉन थेट बँकेत जात नाहीत. आधी ते पाचव्या पिढीत न्यावे लागतात. त्यासाठी दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवून 'पोके ट्रान्सफर'ची प्रयोगशाळा वापरायची. पाचव्या पिढीच्या गेमची मुख्य कथा संपलेली हवी, एका वेळी सहाच पोकेमॉन जातात आणि एचएम चाली (पोहणं, झाडं तोडणं अशा वाट काढायच्या) येणारा एकही जात नाही. तिथून थ्रीडीएसवरच्या 'पोके ट्रान्सपोर्टर'ने बँकेत, बँकेतून 'होम' या नव्या साठवणीच्या ॲपमध्ये आणि होममधून स्विचवर. होमपर्यंतची प्रत्येक पायरी फक्त पुढेच जाते. एकदा गेलेला मागे येत नाही.

थ्रीडीएसचं ईशॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, २७ मार्च २०२३ ला बंद झालं. ज्यांनी त्याआधी बँक आणि ट्रान्सपोर्टर उतरवलं होतं त्यांनाच ते आता वापरता येतं. बँकेला पूर्वी वर्षाची फी होती, त्या दिवसापासून ती फुकट झाली. मात्र बँकेतून होममध्ये आणायला होमचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं. महिन्याभराचं घेतलं तरी काम होतं, २.९९ डॉलर.

माझ्याकडे थ्रीडीएस होता, तो मी विकला. आज पश्चात्ताप होतोय. आणि मी ठाण्यात आहे.

टकाटक | १३ जुलै, सकाळी ९:४०

मस्त धागा! मी कोल्हापूरचा, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. स्कार्लेट खेळतो. मला लढतींबद्दल विचारायचंय. कथा आरामात संपवली, पण ऑनलाइन रँकच्या लढतींत उतरलो की पहिल्या तीन चालींत खेळ आटोपतो. माझे सगळे शंभराव्या पातळीचे आहेत, तरीही. काय चुकतंय?

शेवंती | १३ जुलै, दुपारी १२:२५

मला या खेळातलं फार कळत नाही, पण शीर्षक पाहून आत आले. माझा मुलगा अकरा वर्षांचा, नाशिकला असतो आम्ही. स्विचवर 'स्वोर्ड' खेळतो. गेल्या महिन्यात त्याने ऑनलाइन कुणाला तरी त्याचा हाँटर दिला, तो गेंगार होऊन परत मिळणार होता म्हणे. समोरच्याने घेतला आणि निघून गेला. दोन दिवस जेवला नाही नीट. "आई, मी त्याला दुसऱ्या इयत्तेपासून सांभाळत होतो" म्हणाला. (खेळ घेऊन दोन वर्षं झाली, म्हणून दुसऱ्या इयत्तेचा हिशोब काही जुळला नाही, पण त्याच्या मनात तो तितका जुना होता.) हे सुरक्षित असतं का? अनोळखी लोक त्याच्याशी बोलू शकतात का?

रानपाखरू | १३ जुलै, दुपारी १:१०

शेवंतीताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या मुलाने काहीही चुकीचं केलेलं नाही. त्याने हाँटर नेहमीच्या पद्धतीनेच दिला, फक्त समोरचा माणूस खोटा निघाला. याला खेळाडू 'ट्रेडबॅक' म्हणतात: मी देतो, तुझ्याकडे त्याचं रूप बदलतं, तू परत दे. पहिला व्यवहार झाला की गेम दुसरा व्यवहार सक्तीने करवून घेत नाही. सगळं शब्दावर असतं.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. या व्यवहारात अनोळखी माणसाला गेममधून मोकळं लिहून काही पाठवता येत नाही. त्याला दिसतं ते खेळाडूचं नाव आणि पोकेमॉन. म्हणून खेळातल्या पात्राला मुलाचं पूर्ण नाव देऊ नका, एवढी काळजी पुरे. धोका असतो तो खेळाबाहेर, गप्पांच्या ॲपवर जोडीदार शोधायला गेलं की. तिथे अकरा वर्षांच्या मुलाने एकट्याने जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता हाँटरचं. स्वोर्डमध्ये दोघांनी एकच आठ अंकी कोड टाकला की ते एकमेकांना सापडतात. तुमच्या मुलाने बहुतेक ११११११११ सारखा सोपा कोड टाकला असणार. तसा कोड जगात असंख्य लोक टाकतात, मग कोण सापडेल याचा नेम नाही. कोड नेहमी विचित्र निवडायचा. आणि ट्रेडबॅक करताना समोरच्याकडून त्याच्या जिवाचा काहीतरी पोकेमॉन घ्यायचा, नुसता वाटेत पकडलेला नाही. म्हणजे परत द्यायची ओढ दोघांनाही राहते.

मला व्यनि (खासगी निरोप) करा. माझ्याकडे 'शील्ड' आहे. त्याला हवा तो हाँटर पकडू दे, मी आजच संध्याकाळी त्याच्यासोबत व्यवहार करते. तुम्ही शेजारी बसा.

शेवंती | १३ जुलै, दुपारी १:३४

व्यनि केलाय. खूप आभार.

कोकणकडा | १३ जुलै, रात्री ९:५०

टकाटक, तुझा प्रश्न छान आहे आणि उत्तर मोठं आहे.

पहिली गोष्ट, शंभराची पातळी विसर. रँकवरच्या लढतीत सगळे पन्नासाव्या पातळीवर आणले जातात. तू वाढवलेली पातळी तिथे उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट, दुहेरी लढत खेळ. अधिकृत स्पर्धा दुहेरीतच होतात. सहा पोकेमॉन दाखवायचे, समोरच्याचे सहा बघायचे, दीड मिनिटात त्यातले चार निवडायचे, दोन-दोन मैदानात. प्रत्येक चालीला पंचेचाळीस सेकंद आणि सगळ्या खेळात तुझ्या वाट्याला सात मिनिटं. कथेत तू समोरच्याला जोरात मारून जिंकलास. इथे कोण आधी मारतं यावर अर्धा खेळ ठरतो.

आकड्यांत सांगतो. गार्चॉम्पचा मूळ वेग १०२. पन्नासाव्या पातळीवर पूर्ण मेहनत केली तर १६९ पर्यंत जातो. टॉरकोलचा मूळ वेग २०, मुद्दाम मंद ठेवला तर २२ वर आणता येतो. वाटेल की टॉरकोलला कोण विचारतो? पण 'ट्रिक रूम' टाकली की पाच फेऱ्या, टाकली ती धरून, मंद आधी आणि चपळ नंतर. टॉरकोल मैदानात येताच ऊन पडतं, उन्हात आगीची चाल दीडपट लागते, आणि त्याच्याकडे 'इरप्शन' आहे, जी तब्येत पूर्ण असताना १५० ताकदीची असते आणि समोरच्या दोघांनाही लागते. आता २२ हाच सगळ्यात चांगला आकडा झाला. म्हणून तुझ्या संघात वेग फिरवणारी एक चाल हवीच: टेलविंड (आपल्यांचा वेग वाढवणारी) नाहीतर ट्रिक रूम. आणि समोरच्याकडे ती असेल तर ती कशी अडवणार हेही ठरलेलं हवं. 'फेक आउट' ती टाकणाऱ्याला एक फेरी गप्प बसवते, पण फक्त मैदानात उतरल्याच्या पहिल्या फेरीत.

'प्रोटेक्ट'ला (एक फेरी हल्ले अडवणारी चाल) कथेत कुणी हात लावत नाही. दुहेरीत माझ्या चारपैकी तिघांकडे ती असते.

आणि एक गोष्ट प्रत्येक नव्या खेळाडूला सांगतो. २०१४, वॉशिंग्टन, जागतिक स्पर्धा. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने संघात पाचिरिसू आणला. पाचिरिसू म्हणजे विजेची छोटी खार. तोवर स्पर्धांमध्ये तिला कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. पण त्याच्याकडे ग्याराडोस होता. पाणी आणि उड्डाण या दोन प्रकारांमुळे त्याला वीज चौपट लागते. पाचिरिसूने 'फॉलो मी' म्हटलं की समोरचे हल्ले तिच्याकडे वळायचे, आणि तिच्या अंगात वीज शोषून तब्येत भरून घेण्याचा गुण होता. ग्याराडोसचा सगळ्यात मोठा शत्रू तिच्यासाठी औषध झाला. पार्क त्या वर्षी जगज्जेता झाला. मी ती अंतिम फेरी किती वेळा पाहिली याचा हिशोब नाही. कोणता पोकेमॉन भारी हे विचारू नकोस, कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते बघ.

टकाटक | १३ जुलै, रात्री १०:२०

बापरे. दोनदा वाचलं. पण दादा, असा संघ उभा करायला वेळ किती लागेल? अंड्यातून काढा, आयव्ही (जन्मजात गुणांचे आकडे) बघा, ईव्ही (सरावाने वाढणारे) भरा. सरळ कुठल्या साइटवरून सॉफ्टवेअरने बनवलेले पोकेमॉन मागवले तर? दोन मिनिटांत येतात. सगळे तेच करतात म्हणे.

हिमगंध | १४ जुलै, सकाळी ७:१५

सगळे करत नाहीत.

मी योकोहामात असतो, अकरा वर्षं झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक स्पर्धा आमच्याच गावात झाली. मला आत जायला मिळालं नाही, पण मिनातो मिराईचे रस्ते त्या तीन दिवसांत पिकाचूने भरले होते. मुलीला खांद्यावर घेऊन फिरलो. त्याच स्पर्धेत तपासणीत बनावट पोकेमॉन सापडले म्हणून काही खेळाडू बाद झाले. वर्षभर पात्रता फेऱ्या खेळून, विमानाचं तिकीट काढून इथवर आलेली माणसं. त्यातल्या काहींना कदाचित माहीतही नसेल की अदलाबदलीत आपल्याला मिळालेला प्राणी बनावट आहे. मला ती गोष्ट फार लागली.

टकाटक, आयव्हीचं म्हणशील तर त्याची धास्ती आता उरलेली नाही. सन-मून पासून 'हायपर ट्रेनिंग' आहे, बाटलीचं झाकण दिलं की उणं असलेलं भरून निघतं. स्कार्लेटमध्ये ते पन्नासाव्या पातळीपासून करता येतं. स्वभाव बदलायला पुदिना आहे. पूर्वी पाच आयव्हीचं अंडं म्हणजे चलनी नाणं होतं, आता तसं नाही. आणि आधी शिकायचंच असेल तर दुसऱ्यांनी उघड केलेले संघ भाड्याने घेता येतात. सहा अक्षरांचा कोड टाकायचा आणि खेळायचं. फुकट, वैध.

रानपाखरूताई, तुमच्या त्या जपानी मुलाबद्दल एक सांगतो. तेव्हा इथली पोरं परदेशी पोकेमॉनसाठी जीव टाकायची, त्याला कारण होतं. हे खेळ बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीत तेव्हा असलेल्या जुनिची मासुदांच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत आहे: आई-बाप दोन वेगळ्या भाषांच्या गेममधले असतील तर अंड्यातून वेगळ्या रंगाचं, म्हणजे 'शायनी' पिल्लू निघण्याची शक्यता कितीतरी वाढते. डायमंडमध्ये साधी शक्यता ८१९२ मध्ये एक होती, या रीतीने ती ८१९२ मध्ये पाच होत असे. म्हणून जपानी मुलांना इंग्रजी गेममधले हवे असत आणि बाकी जगाला जपानी डिट्टो (जवळपास कुणाशीही जोडी जमवून अंडं मिळवून देणारा पोकेमॉन). डायमंडमध्येच रूट २२६ वर माइस्टर नावाचा माणूस आहे, तो फिनियनच्या बदल्यात जर्मन भाषेतला मॅजिकार्प देतो. खेळाने आधीच इशारा करून ठेवला होता की दुसऱ्या भाषेच्या माणसाशी व्यवहार कर, काहीतरी मिळेल.

तुमचा बजरंग कदाचित त्या मुलाकडे अंडी मिळवण्यासाठी राहिला असेल. म्हणजे त्याची पिल्लं आज अर्ध्या जपानात असतील.

रानपाखरू | १४ जुलै, सकाळी ८:०५

हिमगंध, शेवटची दोन वाक्यं वाचून ऑफिसच्या बसमध्ये डोळे भरले.

टकाटक | १४ जुलै, सकाळी १०:३०

भाड्याच्या संघाचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पण मुद्दा सोडत नाही. माझ्या मोठ्या भावाला दोन लहान मुलं आहेत, नोकरी आहे. त्याला रात्री अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास त्याने अंडी फोडण्यात घालवायचा की लढण्यात? लढत हुशारीची आहे ना, मग प्राणी कुठून आला याने काय फरक पडतो?

कोकणकडा | १४ जुलै, दुपारी २:१५

तुझ्या भावाची अडचण मला समजते, माझीही तीच आहे. त्याने 'शोडाउन' या नुसत्या लढतींच्या साइटवर खेळावं, ब्राउझरमध्ये चालतं. संघ लिहायचा आणि थेट लढायचं, काही वाढवावं लागत नाही. तिथे सगळेच कागदावरचे असतात, म्हणून कुणाची फसवणूक होत नाही.

पण बनवलेला प्राणी तू अदलाबदलीत सोडलास की तो दुसऱ्याच्या घरी जातो. मी वंडर ट्रेडमध्ये (अनोळखी माणसाशी आंधळी अदलाबदल) असे कितीतरी घेतलेत. ट्रेनरच्या नावाच्या जागी कुठल्यातरी साइटचा पत्ता. एखाद्या लहान मुलाला तो मिळतो, त्याला वाटतं लॉटरी लागली.

हिमगंध | १४ जुलै, दुपारी ४:४०

कोकणकडांशी सहमत. पण टकाटकच्या भावाला अर्धाच तास मिळतो हेही खरं, आणि खेळ बनवणाऱ्यांनी गेल्या काही गेममध्ये हळूहळू तो वेळ कमी करत आणलाय, तो अशा तक्रारी ऐकूनच असावा.

पानगळ | १६ जुलै, रात्री ११:४८

धागा आज पाहिला. रानपाखरू, माझ्याकडे थ्रीडीएस आहे. बँक आणि ट्रान्सपोर्टर दोन्ही आहे. ब्लॅक २ आहे, कथा संपलेली. मी सिंहगड रोडला राहतो.

माझंही थोडं लिहितो. मी वयाने तुमच्यात मोठा असणार. २०१३ साली एक्स-वाय जगभर एकाच दिवशी आले, १२ ऑक्टोबरला, आणि त्यात वंडर ट्रेड आलं. एक पोकेमॉन द्यायचा, एक मिळणार, काय मिळेल ते सांगता येत नाही. मी त्या वेळी पुण्यात नवीन होतो, रात्रपाळीची नोकरी, ओळखी नाहीत. पहाटे घरी आलो की झोपायच्या आधी दहा वंडर ट्रेड. बहुतेक वेळा फ्लेचलिंग नाहीतर झिगझॅगून. पण अधूनमधून कुणीतरी मुद्दाम चांगलं अंड्यातलं पिल्लू पाठवायचं, हातात वस्तू देऊन. एकदा एक आला त्याला पोकेरस होता. ६५,५३६ मध्ये तिनाची शक्यता असते तो आपोआप होण्याची. झालेला पोकेमॉन दुप्पट वेगाने तयार होतो आणि शेजारच्यांनाही लागण देतो. पुढचा महिनाभर मी पकडलेल्या प्रत्येक बनलबीला पोकेरस लावून वंडर ट्रेडमध्ये सोडत होतो. कुणाला मिळाले, कधी कळलं नाही.

बँक सोडली तर थ्रीडीएसवरच्या या गेमची ऑनलाइन सेवा ८ एप्रिल २०२४ ला बंद झाली. आपल्याकडे तेव्हा ९ तारखेची पहाट, साडेचार वाजता. त्या दिवशी गुढीपाडवा होता. बायको चारला उठून रांगोळीची तयारी करत होती आणि मी हॉलमध्ये थ्रीडीएस घेऊन बसलो होतो. शेवटच्या तासाभरात जे आले ते सगळे नावं ठेवलेले होते. थँक यू, गुडबाय, मर्सी, आरिगातो. एकही फ्लेचलिंग नाही, सगळ्यांनी आपापले चांगले पाठवले. मी माझा पहिला, ग्रेनिंजा, पाठवला. मनाची तयारी करूनच. शेवटी एक डेडेने आला, आणि मग जोडणी लागली नाही. बायकोने बाहेरून हाक मारली, गुढीची काठी धरायला ये म्हणून.

रविवार २० तारखेला याल का घरी? पत्ता व्यनित.

रानपाखरू | १७ जुलै, सकाळी ६:५५

नक्की येते. तुमच्या ग्रेनिंजाला ज्याने घेतलं त्याने सांभाळला असेल.

शेवंती | १९ जुलै, रात्री ९:१०

इथे कळवायचं राहिलं होतं. गेल्या रविवारी रानपाखरूताईंनी माझ्या मुलाशी व्यवहार केला. त्याने हाँटर दिला, त्यांनी बदल्यात तारण म्हणून त्यांचा सगळ्यात आवडता लुकारिओ दिला. चार मिनिटांनी गेंगार परत आला. त्यानेही लुकारिओ लगेच परत केला, मी काही न सांगता. आता विचारतोय, पाचिरिसू कसा पकडायचा.

कोकणकडा | १९ जुलै, रात्री ९:३२

स्वोर्डमध्ये पाचिरिसू नाही. सगळे पोकेमॉन सगळ्या गेममध्ये नसतात. पण स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये आहे. त्याला म्हणावं, त्या गेमपर्यंत दुहेरी लढतीचा सराव कर.

रानपाखरू | २० जुलै, रात्री १०:४०

आज पानगळदादांकडे जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण ज्यांना हे करायचंय त्यांना उपयोग होईल.

त्यांच्या थ्रीडीएसमध्ये ब्लॅक २, माझ्या डीएस लाइटमध्ये डायमंड. दोन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर. ब्लॅक २ मधल्या प्रयोगशाळेतून हाक गेली, माझ्या डीएसने ऐकली, सहा जण निवडा म्हणाला. गेंगार, टॉरटेरा, दोन लहानपणीचे, एक माचोक आणि बिबॅरेल. बिबॅरेल गेला नाही. त्याच्याकडे सर्फ होती, कट होती, वॉटरफॉल होती. मला सगळ्या समुद्रावरून आणि धबधब्यांवरून त्यानेच नेलं होतं आणि नेमका तोच अडला. मग डायमंड पुन्हा सुरू करून कॅनालेव्ह सिटीत गेले, तिथे चाली विसरायला लावणारे आजोबा आहेत, त्यांच्याकडून एकेक चाल काढून घेतली. वहिनींनी तोवर पोहे आणि दुसरा चहा आणला.

मग छोटा खेळ. आपले पोकेमॉन झुडपांतून डोकावतात आणि पोकेबॉल सोडून त्यांना धरायचं. न धरलेला मागेच राहतो. दादांनी डीएस माझ्या हातात दिला, "तुमचे आहेत, तुम्हीच धरा" म्हणाले. गेंगार पाचवा आला.

खरी भीती ट्रान्सपोर्टरची होती. तिथे तपासणी होते आणि बनावट असेल तर तो पुढे जाऊ देत नाही. सतरा वर्षं मी त्या गेंगारबद्दल एवढं मनात बांधून ठेवलंय, आणि तो कुणी यंत्राने बनवलेला निघाला तर? पहिली पेटी पाठवली, पट्टी सरकत होती, दादा आणि मी दोघेही गप्प.

सहाही गेले.

आत्ता ते दादांच्या होममध्ये आहेत. ते पुढच्या रविवारी मला देतील, महिन्याचं सदस्यत्व त्यांनीच घेतलं आणि पैसे घेईनात. म्हणजे आठवडाभर माझा गेंगार त्यांच्याकडे आहे, आणि मला त्याची काडीचीही काळजी वाटत नाही.

टकाटक | २० जुलै, रात्री ११:०५

मीही भाड्याच्या संघाने आज पहिल्यांदा सलग चार जिंकलो. टॉरकोल! आता स्वतःचा वाढवतोय. मंद स्वभावाचा हवाय, वेगाची आयव्ही शून्य. कुणाकडे असेल तर माझ्याकडचे दोन पाचिरिसू देतो.

हिमगंध | २१ जुलै, सकाळी ६:३०

माझ्याकडे आहे, जपानी. मुलीने अंड्यातून काढलाय, नाव तिने ठेवलंय, ते बदलता येणार नाही. चालेल का?

टकाटक | २१ जुलै, सकाळी ९:१५

धावेल! तुमच्या मुलीला विचारा, पाचिरिसूचं नाव काय ठेवू.

पानगळ | २७ जुलै, रात्री ८:५०

गेंगार कोड टाकून व्हायोलेटमध्ये दिला. बाकीचे त्यांच्या होमवर पाठवले. व्हायोलेटमध्ये पोचल्यावर रानपाखरूताई दोन मिनिटं फोनवर काहीच बोलल्या नाहीत.

रानपाखरू | २७ जुलै, रात्री ११:२०

ती तीन अक्षरं तशीच आहेत. आयडी क्रमांकही तोच. सिनोहहून, म्हणजे डायमंडमधल्या प्रदेशातून, आल्याची नोंद आहे. मी त्याला काहीही दिलेलं नाही, चाली बदलल्या नाहीत, रिबन लावली नाही. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तो राऊटर अजून माळ्यावर आहे.

बरोबर आलेला माचोक होममध्येच आहे, व्हायोलेटमध्ये तो जात नाही. फुकट खात्याला होमच्या जीटीएसमध्ये एकच जागा मिळते. ती आज वापरली. माचोक ठेवला, बदल्यात हाँटर मागितला, नर-मादी कोणताही, पातळी कोणतीही. सकाळी उठून बघते.